घंटा कुणी वाजवायची

पिवळ्या बंडीवर पाठीमागे पर्यटक उतरतात त्या कॅरव्हान पार्कचं नाव एवढ्या ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, की ज्याच्यासाठी चालायचं त्या माणसाचं नाव लिहायला खाली जेमतेम बोटभर पट्टी उरली होती. आयर्लिस ओवेनने बंडी उलटसुलट करून पाहिली. स्वयंपाकघरातली कात्री घेऊन अख्खं कॅरव्हान पार्कच कापून टाकावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण बंड्या फुकट मिळाल्या होत्या, आणि फुकट मिळालेल्या वस्तूला पोर्थ एइथिन गावात कुणी नावं ठेवत नाही. तिने काळ्या पेनने त्या पट्टीत नवऱ्याचं नाव, 'ग्विलिम', एवढंच लिहिलं. आडनाव मावलं नाही.

या मुलखात कुणी कॅन्सरने गेलं, की त्याच्या नावाने मागे राहिलेलं कुणीतरी चालतं, पळतं, जानेवारीत समुद्रात उडी मारतं, नाहीतर डोकं भादरून घेतं. मग शेजारीपाजारी खिशात हात घालतात. नुसतं 'पैसे द्या' म्हणायची लाज वाटते ना, म्हणून आधी पायांना फोड आणायचे. आयर्लिसने आजवर अशा कितीतरी जणांच्या डब्यात नाणी टाकली होती. स्वतः चालायची वेळ येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. साठी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, आणि जायचं होतं गावातल्या चौकापासून शहरातल्या मोठ्या इस्पितळापर्यंत, किनाऱ्याने आणि मग डोंगरावरून, चार दिवस. गाव तिला मनातून वेडी म्हणत होतं आणि तोंडावर 'कमाल आहे हो तुमची' म्हणत होतं.

तिने हाच रस्ता निवडला, कारण व्हॅन याच रस्त्याने जायची.

व्हॅन म्हणजे गावातल्या कॅन्सर आधार मंडळाची. पांढरी, दारात चेपलेली, आतून सदा पुदिन्याच्या गोळ्यांचा वास. म्हातारा इडवाल ती चालवायचा. रेडिएशन घेणाऱ्यांना सकाळी चौकातून उचलायचं आणि संध्याकाळी दारात सोडायचं, एवढंच तिचं काम. शनिवार-रविवार सोडून रोज, आठवडेच्या आठवडे. ग्विलिम तिच्यातूनच जायचा. आजारपणात त्याला मोटार चालवायला मनाई झाली होती आणि आयर्लिस कधी शिकलीच नव्हती. जाताना तो इडवालशी रग्बीवरून भांडायचा, येताना खिडकीला डोकं टेकून झोपायचा.

मग कौन्सिलची बैठक झाली. व्हॅनला मिळणारं अनुदान बंद करायचं का, यावर हात वर करायचे होते. आयर्लिस जन्मात पहिल्यांदा अशा सभेत उठून बोलली. माझा नवरा सध्या जातोय, त्याचे उपचार अर्ध्यावर आहेत, निदान चालू असलेल्यांचे पुरे होऊ द्या, असं तिने सांगितलं. कौन्सिलर हेविन प्रॉसर अध्यक्ष होते. त्यांनी मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं, 'फार मोलाचं बोललात, मनापासून आभार' म्हणाले, आणि बंद करण्याच्या बाजूने सगळ्यांत आधी स्वतःचा हात वर केला. त्याच महिन्यात चौकातल्या प्रत्येक दिव्याच्या खांबाला फुलांच्या टोपल्या लटकल्या. पर्यटकांना प्रसन्न वाटावं म्हणून! त्यांना पाणी घालायला एक छोटी गाडी रोज सकाळी यायची, नेमकी व्हॅन उभी राहायची त्या जागी.

व्हॅन थांबल्यावर ग्विलिमने दोन बस बदलून जाऊन पाहिलं. मधल्या थांब्यावर पाऊणएक तास बसायला लागायचं, उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात. पहिल्या दिवशी तो पिशवीत ओकला. तिसऱ्या दिवशी बसवाल्याने त्याला दारुडा समजून हटकलं. शेवटचे दीडएक आठवड्याचे उपचार राहिले होते. एका सकाळी त्याने बूट घातले, पुन्हा काढले, आणि म्हणाला, "झालं तेवढं बास झालं."

आणि इथेच आयर्लिसच्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण एकट्या कौन्सिलवर खापर फोडून भागत नव्हतं. त्या दिवसांत रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय ग्विलिम, जमतंय ना जाणं-येणं?" आणि ग्विलिम हसून म्हणायचा, "उत्तम चाललंय, काही काळजी नाही." विचारणाऱ्याला सुटल्यासारखं व्हायचं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे माणसाच्या घरात डोकावणं. आणि ग्विलिमला कुणाकडे काही मागणं म्हणजे भर चॅपलमध्ये झोपायच्या पायजम्यावर उभं राहण्यासारखं वाटायचं. तो मेला तेव्हा चॅपलबाहेर इतक्या मोटारी उभ्या होत्या, की शवपेटीच्या गाडीला जागा करायला दोन मागे घ्याव्या लागल्या. हॅमचं सँडविच हातात धरून एकेक जण आयर्लिसला म्हणत होता, "अगं, एक शब्द टाकायचा होतास!"

एक शब्द! आयर्लिसला तेव्हा ती चहाची किटली त्या सगळ्यांवर उपडी करावीशी वाटली होती. तिने प्रत्येकाला चहा दिला, साखर किती ते विचारून दिला.

आता माइर. आयर्लिसची शेजारीण, मधल्या कुंपणाला भगदाड पाडून ठेवलेली चाळीस वर्षांची मैत्रीण, एकटी राहणारी, जिभेला हाड नसलेली. माइरला हाडांत कॅन्सर निघाला होता. येत्या सोमवारपासून तिचं रेडिएशन सुरू व्हायचं होतं. बरं व्हायला नव्हे, दुखणं कमी व्हायला. हे फक्त आयर्लिसला ठाऊक होतं.

"मी बसने जाईन," माइरने सांगून टाकलं होतं. "आणि तू गावात कुणापुढे तोंड उघडलंस ना, तर भगदाड बुजवून घेईन."

"ग्विलिमचं काय झालं ते पाहिलंस ना?"

"ग्विलिम पुरुष होता. पुरुष बसमध्ये खचतात."

म्हणून आयर्लिस चालायला निघाली. पैसे उभे करायचे आणि व्हॅन पुन्हा रस्त्यावर आणायची. कॅरव्हान पार्कचे मालक लॉकवुड यांनी जाहीर केलं होतं, की चालणारे जितके जमवतील तितकेच आपण वरून घालू. अट एकच. शेवटी इस्पितळात, उपचार संपले की वाजवतात त्या घंटेपाशी, एक छानसा फोटो व्हावा. मंडळाने हिशेब केला होता, तेवढ्या पैशांत व्हॅन दोन वर्षं पळणार होती. सुरू मात्र पुढच्या महिन्यात होणार होती. माइरचे पहिले तीन आठवडे तसेच जायचे होते, आणि ती कुणाला सांगू देत नव्हती.

गावातले पंधरावीस जण निघाले. माइरही निघाली. सपाटीवर चालायची, चढ आला की सामानाच्या गाडीत चढून बसायची आणि खिडकीतून सगळ्यांना 'चला, चला, ढुंगणं हलवा' म्हणून ओरडायची. तिच्या बंडीवरची पट्टी कोरी होती. वाटेत ज्या गावात मुक्काम पडे तिथल्या बायका चहा आणि बेदाण्यांचा पाव घेऊन यायच्या, पाठीवरची नावं वाचून हळहळायच्या, आणि गावातलं कुणी आसपास नसताना एखादी माइरला विचारायची, "तुम्ही कुणासाठी चालताय हो?"

"माझ्यासाठी."

मग ती बाई खोकायची आणि आज वारा जरा पडलाय नाही, असं काहीतरी म्हणायची. माइरला याची फार गंमत वाटायची. आयर्लिसला नाही. तिसऱ्या दिवशी, डोंगरावरच्या धुक्यात, ती भडकलीच. "यांना पुढचा एक प्रश्न विचारता येत नाही? कसं जाणार, कोण नेणार, काही लागतं का?"

"विचारला असता तर मी 'काही नाही' म्हटलं असतं," माइर म्हणाली.

"तेच तर! तोंडात मारावीशी वाटते तुम्हा सगळ्यांच्या."

"मार की. पण उतारावर मार, चढावर मला दम लागतो."

चौथ्या दिवशी दुपारी ते शहरात उतरले. आयर्लिसच्या टाचेचा फोड फुटून मोजा चिकटला होता. इस्पितळाच्या मोटारतळाच्या फाटकाशी कौन्सिलर प्रॉसर उभे होते, पिवळी बंडी घालून. पायातले बूट दुकानातून थेट आल्यासारखे, त्यांना साधी धूळही ठाऊक नव्हती. शेजारी लॉकवुड, आणि स्थानिक वर्तमानपत्राची कॅमेरेवाली मुलगी.

"वा, वा! आलात!" प्रॉसर पुढे झाले. "शेवटचा टप्पा तुमच्या सोबत चालायचा मान मला मिळावा, अशी विनंती आहे."

शेवटचा टप्पा म्हणजे मोटारतळ ओलांडून दारापर्यंत. प्रॉसर आयर्लिसच्या खांद्याला खांदा लावून चालले. कॅमेरेवाली उलटी चालत होती. दारातून शिरताना प्रॉसर पुढे झाले, तेव्हा त्यांच्या पाठीवरच्या पट्टीत 'सर्वांसाठी' असं लिहिलेलं दिसलं. आयर्लिसने ते दोनदा वाचलं.

रेडिएशनच्या विभागातल्या बसायच्या खोलीत भिंतीवर ती घंटा होती. पितळेची, दोरीला मळकट गाठ. उपचारांचा शेवटचा दिवस झाला, की त्या माणसाने ती वाजवायची, आणि खोलीत असतील त्यांनी उठून टाळ्या वाजवायच्या, हा इथला रिवाज. ग्विलिम पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाला होता, "मी अशी बडवणार आहे ना ती, की सिस्टर पळत येतील." बूट काढून ठेवले त्या सकाळी तो याबद्दल काही बोलला नाही. आयर्लिसनेही विषय काढला नाही.

खोलीत तेव्हाही माणसं बसली होती. डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण बाई. मागून बांधायचा झगा आणि त्यावर स्वतःचा स्वेटर घातलेला एक म्हातारा. कोपऱ्यात थर्मास मांडीत घेतलेला एक धिप्पाड शेतकरी गडी, बायको आत गेलेली. चिखलाचे बूट त्याने दाराबाहेर काढून ठेवले होते आणि मोज्यांवर बसला होता. पिवळ्या बंड्यांचा लोंढा आत शिरला तशी सगळ्यांनी पाय आखडून जागा दिली.

इस्पितळाच्या जनसंपर्काच्या बाईंनी आयर्लिसचा हात धरला. "चला, मिसेस ओवेन. तुम्ही घंटा वाजवायची. किती सुंदर शेवट होईल!"

"मी नाही वाजवणार."

"लाजू नका हो."

"मी लाजत नाहीये. ज्याचे उपचार पुरे झाले त्याने ती वाजवायची असते. माझ्या नवऱ्याचे झाले नाहीत."

जनसंपर्काच्या बाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे इकडे-तिकडे झाले. कॅमेरेवालीने घड्याळ पाहिलं. लॉकवुड म्हणाले, "पण फोटो तर हवा." आणि मग कौन्सिलर प्रॉसर पुढे सरसावले, अगदी नम्रपणे, जणू कुणाची तरी अडचण दूर करताहेत. "ताईंच्या भावना मी समजू शकतो. हरकत नसेल तर त्यांच्या वतीने, प्रतीक म्हणून, मी..."

आयर्लिसने तोंड उघडलं. चार दिवसांचं नव्हे, वर्षभराचं तोंडाशी आलं होतं. ज्या हाताने व्हॅन बंद केली तोच हात! पण माइरने तिचं कोपर पकडलं. हाडांचं दुखणं असलेल्या बाईच्या बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"वाजवू दे त्याला," माइर कुजबुजली.

"माइर, हा माणूस..."

"मला माहितीये हा माणूस कोण आहे. पुढच्या महिन्यात व्हॅनमध्ये मी बसणार आहे, तू नाही. माझ्या उपचारांना शेवटी घंटाच नाहीये, तर ती कुणी का बडवेना. आधी फोटो, मग तोंड."

प्रॉसरांनी दोरी धरली, कॅमेऱ्याकडे वळून हसले आणि घंटा वाजवली. एकदा नाही, चांगली तीनदा. आवाज खणखणीत होता.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. रुमालवाल्या बाईने मान खाली घातली. झगेवाला म्हातारा उठायच्या बेतात होता, सवयीने, तो तसाच अर्धवट थांबला. प्रॉसर दोरी धरून हसत उभे होते, आणि ते हसू हळूहळू काम नसलेल्या माणसासारखं चेहऱ्यावर रेंगाळायला लागलं. कॅमेरा खाली आला. लॉकवुडच्या कपाळाला आठी पडली.

मग माइरने टाळी वाजवली. एकटीने. दोन्ही हात छातीशी धरून, ठाम, एकेक टाळी मोजल्यासारखी. वाजवताना तिने आयर्लिसकडे पाहिलं, आणि त्या नजरेत विनंती नव्हती, हुकूम होता. आयर्लिसने टाळी वाजवली. तळहात चुरचुरेपर्यंत वाजवली. जन्मात एवढ्या संतापाने तिने कुणाच्या थोबाडीतही मारली नसती. मग बाकीचे वाजवायला लागले, कारण दोघी जणी वाजवत असताना गप्प राहणं बरं दिसत नाही. कॅमेरा चमकला. लॉकवुडनी पुठ्ठ्याचा भलामोठा चेक मंडळाच्या हाती दिला, खराही दिला, हात मिळवले, आणि पुढच्या कामाला निघून गेले.

"आता तोंड," माइर म्हणाली.

प्रॉसर बंडी काढत होते. आयर्लिस त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, पण तो चढला.

"साहेब, माझा नवरा याच खोलीत बसायचा. तुम्ही व्हॅन बंद केलीत तेव्हा त्याचे दीडएक आठवड्याचे उपचार राहिले होते. मी तुम्हाला सभेत सांगितलं होतं. तो बसने आला, थांब्यावर ओकला, आणि मग त्याने यायचं सोडलं. ती घंटा त्याची होती. तुम्ही आत्ता माझ्या नवऱ्याची घंटा वाजवलीत."

प्रॉसरांचा चेहरा लाल झाला, पण अशा वेळी काय बोलायचं ते त्यांना पाठ होतं. "मिसेस ओवेन, मला खरोखर वाईट वाटतंय. व्यवस्थेच्या काही मर्यादा असतात. पण तुम्हाला सांगतो, मला व्यक्तिशः कुणी म्हटलं असतं, तर मी स्वतः माझ्या गाडीतून त्यांना घेऊन आलो असतो."

"असं?" आयर्लिस म्हणाली. "मग ही माइर. आमच्याच गावची, तुमच्याच मतदारसंघातली. हिचं सोमवारपासून आहे. व्हॅन पुढच्या महिन्यात सुरू होईल. मी तुम्हाला व्यक्तिशः म्हणतेय. घेऊन या हिला."

"आयर्लिस!" माइर ओरडली. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा पडला. पिवळ्या बंड्यांतली सगळी डोकी तिच्याकडे वळली होती. तिच्या कोऱ्या पट्टीचा अर्थ आता सगळ्यांना कळला.

प्रॉसरांनी खिशातून फोन काढला, त्यावर बोट फिरवलं, आणि मान हलवली. "सोमवार," ते म्हणाले, "सोमवार जरा अवघड आहे. माझ्या कार्यालयातून तुम्हाला नक्की फोन येईल." मग घडी केलेली बंडी खुर्चीवर ठेवून ते गेले. नवे बूट फरशीवर करकरत लांबपर्यंत ऐकू येत होते.

गावातले लोक एकमेकांकडे न बघता उभे होते. प्रत्येकाच्या घरी मोटार होती. प्रत्येक जण मनात सोमवारची कामं चाचपत होता, आणि विचारलं तर माइरला अवघडल्यासारखं होईल का, हेही. आयर्लिसला ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं, आणि रडू फुटावं इतका राग आला.

"आम्ही वरच्या अंगाचे, लानगरिगच्या पलीकडचे," कोपऱ्यातून आवाज आला. मोज्यांवर बसलेला शेतकरी थर्मासचं झाकण फिरवत होता, कुणाकडे न बघता. "रोज येतो. मंडळीचं आणखी चार आठवडे आहे. पोर्थ एइथिनच्या चौकातूनच गाडी जाते. मागची सीट मोकळीच असते. कुत्र्याचे केस आहेत, पण मोकळी असते."

माइरने लगेच दोन्ही हात हलवले. चेहऱ्यावर ते हसू आलं, आयर्लिसने आपल्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर आजारपणभर पाहिलेलं. "नको, नको, तुम्हाला कशाला उगाच त्रास! माझं अगदी व्यवस्थित..."

"खबरदार!" आयर्लिस अशी कडाडली, की आतून सिस्टर पळत आली. "खबरदार व्यवस्थित म्हणालीस तर! असल्याच 'नको नको'ने माझं घर एकदा रिकामं झालंय, माइर. दुसरं होऊ देणार नाही. तुझ्या मयताला मला या लोकांना चहा द्यायचा नाहीये. साखर विचारून! तो माणूस स्वतःहून देतोय, त्याला हो म्हण. आत्ता. माझ्यासमोर."

माइरचे हात हवेत तसेच राहिले. आड लपायला यावेळी एकही विनोद तिला सापडला नाही. तिने हात खाली आणले, शेतकऱ्याकडे वळली, आणि कुणाचं तरी काही चोरल्यासारख्या बारीक आवाजात विचारलं,

"किती वाजता उभी राहू?"